निरोगी पुरुष, डावी बाजू

आमच्या डॉक्टरांच्या खोलीत खुर्ची एकच होती आणि तिच्यावर हाडं ठेवलेली असत. भेटायला येणाऱ्यानं बसायचं ते एका बुटक्या स्टुलावर. हे स्टूल त्यांनी इस्पितळासमोरच्या चहावाल्याकडून आणलं होतं, आणि ते परत मागायला आलेल्या चहावाल्यालाही त्यांनी आधी त्याच्यावरच बसवलं. माणूस टेकला की डॉक्टर त्याच्याकडे न बघता म्हणत, "आता उठा. हात न लावता."

पेशंट असो, औषध कंपनीचा माणूस असो, उठावंच लागे. किडन्या निकामी व्हायला लागल्या की हाडं आतून खंगत जातात, मांड्यांतली ताकद उतरते आणि बुटक्या जागेवरून आधाराशिवाय उठणं जमत नाही, असं त्यामागचं शास्त्र होतं. पण शास्त्र नंतर. आधी उठायचं. एकदा आमचे ट्रस्टी, कापड मार्केटमधले मोठे शेठ, लॅबचं वीजबिल एवढं का येतं ते विचारायला आले आणि बसले. मग उठेनात. डॉक्टरांनी थोडा वेळ वाट पाहिली, शेठच्या मांडीवर बोट दाबून पाहिलं आणि मला म्हणाले, "किडनी चांगली आहे. जिलेबीचा प्रॉब्लेम आहे." शेठना मराठी येत नव्हतं, पण जिलेबी कळली. वीजबिलाचा विषय पुन्हा निघाला नाही.

मी सुरतेतल्या गोडादऱ्याची, खानदेशातून आलेल्या लोकांच्या वस्तीतली. वडील पॉवरलूमवर कामाला, घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, बाजारात गुजराती आणि शाळेत पुस्तकी मराठी अशी माझी वाढ झाली. लॅब टेक्निशियनचा कोर्स करून मी सुरतेतल्या त्या धर्मादाय इस्पितळात मुलाखतीला गेले तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला. "हाड पाहून मळमळते का?" मी म्हटलं, आमच्याकडे दर रविवारी मटण असतं. त्यांनी मला ठेवून घेतलं.

ते स्वतः यवतमाळकडचे. एकटेच राहत. सुरतेत इतकी वर्षं काढूनही त्यांची गुजराती म्हणजे वऱ्हाडीच्या शेवटी 'छे' लावलेली असे. तेवढ्यानं गुजराती होते असा त्यांचा प्रामाणिक समज होता आणि सुरती माणूस मुळात सभ्य, त्यामुळे तो कुणी मोडला नाही. खूश असले की मला 'पोरी' म्हणत, चिडले की 'मॅडम'. मी बहुतेक मॅडमच असायचे.

माझ्या लग्नाला त्यांना बोलावू नये असं घरच्यांनी मला बजावलं होतं. मी बोलावलं. ते आले, स्टेजवर चढले, नवऱ्या मुलाला पाटावर बसलेलं पाहिलं आणि त्यांना राहवलं नाही. "उठा. हात न लावता." माझा नवरा शेला सांभाळत कसाबसा उठला. सासरच्यांना वाटलं, ही आमच्याकडची रीत. आमच्याकडच्यांना वाटलं, ही सासरची. पुढे धाकट्या दिराच्या लग्नात सासूबाईंनी स्वतः आठवण करून नवऱ्या मुलाला उठवलं, आणि माझी खात्री आहे की आमच्या कुळात हे आता कायम चालणार.

खोटं बोलणं त्यांना जमत नसे. बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, असं नव्हे. जमतच नसे. पेशंटचा भाऊ मागे उभा राहून डोळ्यांनी खुणा करतोय, सांगू नका, सांगू नका, आणि डॉक्टर त्याला मोठ्यानं विचारतायत, "काय, लपवायचं आहे काय?" एका आजोबांनी विचारलं, मी बरा होईन ना? डॉक्टर म्हणाले, "नाही. पण खाज कमी करता येते." आजोबांच्या सुना आठवडाभर डॉक्टरांच्या नावानं बोटं मोडत होत्या. आजोबा मात्र त्यानंतर दुसऱ्या कुणाकडे जायला तयार नव्हते. त्यांची खाज खरंच कमी झाली होती.

किडनी म्हणजे लघवीचं यंत्र, एवढंच आपल्याला माहीत असतं. डॉक्टरांच्या मते लघवी हे तिचं किरकोळ काम होतं. "किडनी हाडं सांभाळते," ते सांगत. किडनी थकली की रक्तातला कॅल्शियमचा हिशेब बिघडतो, तो भरून काढायला शरीर स्वतःच्याच हाडांना हात घालतं, आणि माणूस वरून धड दिसत असताना आतून पोकळ होत जातो. त्या काळात आमच्याकडे किडनीचा पेशंट जगला तरच नवल, त्याच्या हाडांची चौकशी कोण करणार? डॉक्टर करत. रस्त्यानं चालतानाही करत. कापड मार्केटच्या रस्त्यावर माणसं डोक्यावर गठ्ठे घेऊन पळत असायची. डॉक्टर मध्येच थांबून एखाद्याच्या कमरेकडे टक लावून बघत आणि म्हणत, "हा आपल्याकडे येणार." मी त्यांच्यापासून चार पावलं लांब उभी राहायचे. हा कोणाचा कोण, असं वाटावं म्हणून.

त्यांची पद्धत अशी होती. पेशंटला एका साध्या अँटिबायोटिकच्या गोळ्या थोड्या दिवसांच्या अंतरानं दोनदा द्यायच्या. शरीरात जिथं नवं हाड तयार होत असतं तिथं ते औषध जाऊन बसतं. मग कमरेच्या वरच्या कडेतून हाडाचा एक तुकडा काढायचा, त्याचा कागदासारखा पातळ काप करायचा आणि खास दिव्याखाली धरायचा. अंधारात दोन पिवळसर हिरव्या रेघा चमकतात. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे माणसानं मधल्या दिवसांत बांधलेलं हाड. चांगल्या रेघा दिसल्या की डॉक्टर मजल्यावरच्या सगळ्यांना बोलावत. झाडूवाली बाई, लिफ्टवाला, पेशंटला भेटायला आलेले पाहुणे, सगळे रांगेनं मायक्रोस्कोपला डोळा लावत. "पाह्यलं? हाड जिवंत असते," डॉक्टर म्हणत, जणू काही ते त्यांनीच जिवंत ठेवलं होतं.

पण आजारी हाड आजारी आहे हे ठरवायला शेजारी एक चांगलं हाड लागतं, आणि धडधाकट माणूस संशोधनासाठी कंबर टोचून घ्यायला कशाला येतोय! डॉक्टरांनी पंधरवडाभर सगळ्यांना विचारलं. लिफ्टवाला जिन्यानं जाऊ लागला. शेवटी एका सकाळी डॉक्टर स्वतःच टेबलावर आडवे झाले आणि हाडांच्या सर्जनला, सुई कुठे घालायची ते मान वळवून सांगत राहिले. गोळ्या त्यांनी आधीच दोनदा घेऊन ठेवल्या होत्या. त्या काचपट्टीवर त्यांनी माझ्याकडून चिठ्ठी लिहून घेतली: 'निरोगी पुरुष, डावी बाजू'. एका परिषदेत कुणीतरी विचारलं की हा निरोगी नमुना कुठून मिळवला. डॉक्टर उत्तर न देता फक्त वळले आणि आपली डावी बाजू दाखवली. सभागृहात हशा पिकला. त्यात हसण्यासारखं काय होतं ते त्यांना घरी येईपर्यंत कळलं नाही.

तो काप झाला कसा, हे सांगायचं राहिलं. हाडातला चुना न विरघळवता ते पातळ कापणारं यंत्र परदेशी, आणि शेठ ते घेऊन देणं शक्य नव्हतं. डॉक्टर मला घेऊन वराछ्याला एका हिऱ्याच्या कारखान्यात गेले. हिरे घासायच्या फिरत्या चाकतीला तिथं घंटी म्हणतात. डॉक्टरांनी प्लास्टिकमध्ये बसवलेला हाडाचा तुकडा खिशातून काढून मालकापुढे ठेवला आणि एवढं घासून द्या म्हणाले. मालक काठियावाडी, मोठा भाविक माणूस. त्यानं भिंगातून पाहिलं.

"आ शुं छे, साहेब?"

"माणसाचं हाडकुं छे," डॉक्टर म्हणाले.

शेजारची घंटी थांबली. मग पुढची. सगळा कारखाना आमच्याकडे बघायला लागला. मालकानं हात मागे घेतला आणि हळूच विचारलं, "कोनुं?"

"मारुं," म्हणून डॉक्टरांनी शर्ट वर करून कमरेवरची पट्टी दाखवली.

मालकानं पट्टीकडे पाहिलं, हाडाकडे पाहिलं, बराच विचार केला. "तमारुं होय तो वांधो नहीं," तो म्हणाला, आणि घासून दिलं. पुढे पेशंटची हाडं घासायची वेळ आली तेव्हाही सगळी आपलीच आहेत असं सांगून चाललं असतं, निदान दोन-तीन तरी. पण डॉक्टरांनी जाऊन खरं ते सांगितलं. मालकानं कानाला हात लावले, एक जुनी घंटी काढली, आमच्या रिक्षात चढवून दिली आणि परत येऊ नका म्हणाला. लॅबचं वीजबिल येत होतं ते तिचं. मी कागदावर लॅब टेक्निशियन होते, कामानं हिराघसू.

भटू आला तो सुरतेत प्लेग येऊन गेल्यानंतरच्या पावसाळ्यात. आमच्या पलीकडच्या गल्लीतला पोरगा, धुळ्याकडचा, लूम चालवायचा. मिसरूड फुटून थोडेच दिवस झाले होते आणि दोन्ही किडन्या गेल्या. घरात तो आणि त्याची आई, दोघंच. ती घरी बसून साड्यांना टिकल्या लावायची. आठवड्यातून दोनदा भटू डायलिसिसच्या मशीनला लागे आणि तेवढा वेळ ती बाहेरच्या व्हरांड्यात टिकल्यांची साडी मांडीवर घेऊन बसे. आमच्याकडे डायलिसिसला येणारे बहुतेक लोक काही दिवसांनी येईनासे होत. कुणी पैसे संपले म्हणून, कुणी स्वतःच संपले म्हणून. भटू टिकला, कारण त्याची आई टिकली.

तिची किडनी त्याला जुळत होती. अहमदाबादच्या सर्जननी ऑपरेशनला होकारही दिला होता. पण भटूचे पाय आणि कंबर दुखायला लागली. खोकताना बरगडी मोडली. जिना चढता येईना, मग चालता येईना. अहमदाबादहून निरोप आला, आधी पोराला उभा करा, मग आणा. आता रक्त मशीनवर वेळच्या वेळी साफ होत होतं, औषधं चालू होती, मग हाडं आणखी बिघडतायत कशानं? हे शोधणं डॉक्टरांवर आलं. नाही शोधलं तर ऑपरेशन नाही, आणि ऑपरेशन नाही तर भटू नाही. भटूच्या आईनं विचारलं तेव्हा डॉक्टरांनी तिला हे याच शब्दांत सांगितलं होतं.

भटूच्या हाडाचा काप मी घासला. दिव्याखाली धरला तर काळोख. एकही रेघ नाही. डॉक्टर बराच वेळ मायक्रोस्कोपवरून उठले नाहीत. "बांधकाम बंद," एवढंच म्हणाले. मग दुसरा रंग लावून पाहिला, तेव्हा हाडाच्या कडेनं लाल दोऱ्यासारखी रेघ उमटली. ती अॅल्युमिनियमची. हा धातू हाडात बसला की नवं हाड बनूच देत नाही. निरोगी माणसाची किडनी त्याला लघवीवाटे बाहेर घालवते. भटूला ती सोय नव्हती.

डॉक्टर त्याच दिवशी गोडादऱ्याला गेले आणि भटूच्या घरातली अॅल्युमिनियमची सगळी पातेली उचलून घेऊन आले. भटूची आई शेजारणीच्या स्टीलच्या पातेल्यात स्वयंपाक करू लागली आणि आमच्या लॅबमध्ये पातेल्यांची उतरंड लागली. भटूचं दुखणं तसूभर हललं नाही. मग डॉक्टरांनी डायलिसिसचं पाणी धरलं. मशीनला पाणी लागतं पिंपांनी, आणि ते रक्ताच्या अगदी जवळून वाहतं. महापालिकेच्या नळाचं पाणी तपासलं, त्यात काही नव्हतं. मशीनपाशी पोहोचलेलं पाणी तपासलं, त्यात होतं. नळ आणि मशीन यांच्यामध्ये गच्चीवरची एक टाकी होती.

डॉक्टर छत्री घेऊन गच्चीवर जाऊन बसले. ओपीडीत बोंब झाली की साहेब कुठे गेले. मी चहा घेऊन वर गेले तर ते टाकीला पाठ लावून बसले होते, छत्रीखाली, वर्तमानपत्र वाचत. मी कप ठेवते न ठेवते तोच जिन्यातून भटूची आई वर आली. हातात पदराखाली काहीतरी. तिनं डॉक्टरांना पाहिलं आणि जराही दचकली नाही.

"डाक्टर, तुम्ही आठे काय करी राहिनात?"

"पाणी पाहून राह्यलो."

"मीबी," ती म्हणाली. टाकीचं झाकण सरकवून तिनं आतून एक सुतळी ओढली. सुतळीच्या टोकाला झिजलेला तुरटीचा खडा होता. तिनं तो सोडवला, पदराखालून मुठीएवढा नवा खडा काढून बांधला, पाण्यात चांगला फिरवला आणि सोडून दिला. आमच्याकडे खानदेशात पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की माठात तुरटी फिरवतात, माझी आईही फिरवायची. प्लेगनंतर तर सुरतेत ज्याला त्याला पाण्याचा धसका बसला होता. तुरटी म्हणजे अॅल्युमिनियमचाच क्षार, हे आम्हाला कोणी सांगितलं होतं?

"तुम्ही मना पोऱ्यानं रगत ह्या पानीघाई धुतस ना?" ती डॉक्टरांना म्हणाली. "मंग ते चोख्खं नको का?"

डॉक्टरांनी चहा पिऊन टाकला. ती खाली उतरल्यावर त्यांनी सुतळी ओढून खडा बाहेर काढला.

टाकी रिकामी केली, घासली. शेठनी टाकीला स्वतःच्या खर्चानं कुलूप लावून दिलं. पाणी गाळायचं चांगलं यंत्र डॉक्टर किती वर्षं मागत होते. तेही पुढे आलं, आणि त्याच्यावरची देणगीदाराची पाटी यंत्राहून मोठी होती. भटूचं काय झालं तेही इथंच सांगून टाकते, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. अॅल्युमिनियम बाहेर काढायचं औषध त्याला सुरू झालं, हाडं फार सावकाश सावरली, आणि पुढच्या वर्षी आईची किडनी त्याला बसली. तो चालतो. लूम चालवणं त्याला परत जमलं नाही, साड्यांच्या घड्या घालायच्या कामाला लागला.

पण हे सगळं व्हायच्या आधी डॉक्टर म्हणाले की भटूच्या आईला सांगायला हवं. मी म्हटलं, "सर, नका सांगू."

"काहून?"

"ती मरेल हो. टाकीला कुलूप लागलंय ना? मग झालं."

"अन् घरच्या माठाले कुलूप कोण लावणार? पोरगं तेच पाणी पिऊन राह्यलं."

"मग नुसतं तुरटी टाकू नका म्हणा. कशाला म्हणून सांगता?"

"मॅडम," ते म्हणाले, "त्या बाईच्या पोटातून किडनी काढून घेणार आहेत. तिले काय झालं ते सांगायचं नाही, अन् किडनी तेवढी घ्यायची?"

मला त्यांचा राग आला. संतापच आला. माणसाला एकदाही, एका बाईसाठीही, खोटं बोलता येऊ नये? तो राग अजून पुरता गेलेला नाही. ते बरोबर होते हे कळूनही गेलेला नाही.

भटू आत मशीनवर होता. ती व्हरांड्यात बसली होती, मांडीवर निळी साडी. डॉक्टर तिच्यासमोर फरशीवरच बसले. मी मागे उभी राहिले, तिला सावरायला लागलं तर म्हणून. त्यांनी काहीही आडवळणानं सांगितलं नाही.

"तुमच्या तुरटीत अॅल्युमिनियम असते. ते टाकीतून मशीनमध्ये गेलं, मशीनमधून त्याच्या रक्तात, अन् रक्तातून हाडात. त्याची हाडं त्यानं दुखून राह्यली."

"मनी तुरटीघाई?"

"हो."

"दुसरं काही नही?"

"दुसरंही आहे. पण हे जास्त."

तिच्या हातातली सुई तशीच राहिली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिला कळला नाही. आतून मशीनचा आवाज येत होता. मला वाटलं ती आता ऊर बडवेल, डॉक्टरांच्या अंगावर धावून जाईल, निदान रडेल तरी. तिनं डॉक्टरांना विचारलं,

"मंग आते काय टाकू?"

काही टाकू नका, असं कुणीही म्हटलं असतं. मीच म्हणणार होते. डॉक्टर उठले, खोलीत गेले आणि कागदाची एक मोठी पुडी घेऊन आले. भटूला दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या तो घेत नसे, घशाला अडतात म्हणून. त्या त्यांनी कुटून ठेवल्या होत्या.

"हे टाका," ते म्हणाले. "पाण्यात नाही, जेवणात. भाजीत टाका, खिचडीत टाका. जेवणातला जो क्षार त्याची हाडं खाते त्याले हे पोटातच धरून ठेवते. जेवण झाल्यावर दिलं तर फुकट. घासाघासाले पाह्यजे. तुमच्याशिवाय कोणाले जमणार नाही ते."

हे खरंच होतं. खोटं त्यांना येत नव्हतं.

तिनं पुडी उघडली. चिमूटभर पावडर जिभेवर ठेवली. "हाई कसानी शे?"

"खडूची."

"शायमाना खडू?"

"जवळजवळ शाळेतलाच."

तिनं पुडी पुन्हा नीट बांधली, पदराच्या गाठीत घातली. मग इतका वेळ न आलेलं पाणी तिच्या डोळ्यांत आलं.

"तो धाकला व्हता तवय शायमाथीन खडू चोरी खाये," ती म्हणाली. "मी त्याले भलता मारेल शे त्यानाकरता."

डॉक्टरांनी थोडा विचार केला.

"बरोबर केलं," ते म्हणाले. "तेव्हा त्याच्या किडन्या चांगल्या होत्या."